तिसऱ्यांदा विचारलेला प्रश्न

हा अंक तुम्ही चाळत असाल तेव्हा घरात कुठेतरी रंगीत पणत्यांचं एक खोकं असेल. वर चिठ्ठी असेल, 'विशेष मुलांनी प्रेमाने बनवलेल्या'. कुठल्यातरी स्टॉलवर घेतलं असेल आणि घेताना चेहरा जरा मऊ केला असेल. त्यातल्या काही पणत्या आमच्या केंद्रातल्या असू शकतात. जुन्या असतील तर त्या मी रंगवल्यात. मी आणि आमच्या मावशींनी, दिवाळीआधीचे पंधरा दिवस मान मोडून. ज्यांच्या नावावर त्या खपतात त्यांना दिसत नाही आणि ऐकूही येत नाही. सोनेरी रंग आणि हिरवा रंग यांत त्यांना फरक कळलाच तर वासाचा, आणि वास दोन्हींचा वाईट.

संपादकांनी 'प्रेरणादायी अनुभव' मागितलाय. तो माझ्याकडे नाही. जो आहे तो मी नवऱ्यालाही कधी सांगितला नव्हता. आमच्या घरात बोलायची पद्धतच नाही. वडील मास्तर, आजोबा कचेरीत कारकून. दोन पिढ्या दुसऱ्यांच्या चुकांवर लाल शाई फिरवण्यात गेल्या. तिसरी मी. स्वतःच्या चुकीवर कुठली शाई फिरवायची हे काही कुणी शिकवलं नाही.

नगर शहरातल्या एका केंद्रात मी वीस-बावीस वर्षं शिक्षिका होते. ज्यांना दृष्टी आणि श्रवण दोन्ही नाही, किंवा नसल्यातच जमा, अशी मुलं. कागदावर त्यांना बधिरांध म्हणतात. त्यांची सगळी भाषा तळहातात. आमच्या कामाचा पहिला धडा असा, की मुलाच्या हाताखाली आपला हात ठेवायचा. आपण जे करतो ते त्याला वरून चाचपता येतं आणि नको झालं की हात उचलून घेता येतो. आपला हात वर ठेवला तर ती जबरदस्ती. हे आम्ही प्रत्येक प्रशिक्षणात घसा ताणून सांगतो. आमच्या अहवालांतले फोटो काढून बघा. सगळ्या फोटोंत बाईंचा हात वर.

पाहुण्यांबद्दल थोडं लिहायलाच हवं, नाहीतर त्यांच्यावर अन्याय होईल. एकदा एक साहेब आले. मी सांगितलं, याला ऐकू येत नाही. साहेब वाकून म्हणाले, "काय बाळा, नाव काय तुझं?" मी परत सांगितलं. साहेबांनी समजूतदारपणे मान हलवली आणि खच्चून ओरडले, "नाव काय?" एका महिला मंडळानं एप्रिलात घोंगड्या वाटल्या. त्यातल्या एकीनं मला बाजूला घेऊन विचारलं, "यांना अंधार दिसतो, की तेवढंपण नाही?" मी हसून उत्तर दिलं. आमच्या नोकरीत हसायचा भत्ता मिळत नाही, पण ते काम धरलेलंच असतं.

ही मुलं लहान असतात तोवर सगळ्यांना गोड लागतात. ती अठरा वर्षांची होतात तेव्हा आमचं खरं काम सुरू होतं आणि पाहुणे यायचे बंद होतात. मिसरूड फुटलेल्या मुलाला कोण घोंगडी देणार? सावेडीतल्या एका बंगल्यात असा एक तेवीस वर्षांचा मुलगा होता. घरात त्याचं नाव बाळ. बाळाला रोज दाढी यायची आणि दर रविवारी वडील ती करून द्यायचे. मी चार महिने खपून त्याला विजेच्या यंत्रानं स्वतःची दाढी करायला शिकवलं. त्याला त्या यंत्राची थरथर इतकी आवडली, की दाढी संपली तरी तो ते गालावरून काढेना. त्याची आई स्वयंपाकघरात जाऊन रडली. म्हणाली, "आता माझी त्याला काय गरज उरली?" मी पुढे प्रत्येक प्रशिक्षणात ही गोष्ट सांगून हशा मिळवला. आया कशा असतात बघा. मुलाला मोठं होऊ देत नाहीत.

आता कोमलचं सांगते.

जामखेडच्या पुढे, खर्ड्याकडच्या एका वस्तीवर मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती सात वर्षांची होती. ती पोटात असताना आईच्या, रंजनाच्या, अंगावर पुरळ उठलं होतं. तेवढ्यानं पोरीचे डोळे आणि कान दोन्ही गेले. डाव्या डोळ्याच्या कडेनं थोडा उजेड कळायचा, तेवढाच. मी तिला शिकवायला गेले होते. रंजनानं माझ्यासमोर पोरीच्या गुडघ्यावर दोन टिचक्या मारल्या. पोरगी जेवायला सरसावून बसली. कपाळावर फुंकर घातली. तिनं कपाला हात लावण्याआधी बोटं मागे घेतली. म्हणजे चहा गरम आहे. ही सगळी भाषा त्या बाईनं एकटीनं, कुणाला न विचारता, उभी केली होती. त्या दिवशी मी अहवालात काय लिहिलं ते मला अजून पाठ आहे : 'पालकांना संवादपद्धतीचे ज्ञान नाही.'

दहा वर्षं मी जात राहिले. पावसाळ्यात दर आठवड्याला. दसरा-दिवाळी झाली की ही माणसं ऊसतोडीला जायची आणि उन्हाळ्यात परतायची. तेवढ्या काळात कोमल माझ्या निम्म्या खुणा विसरून यायची. मी वैतागायचे.

"सहा महिन्यांत सगळं पाण्यात घालून आणता तुम्ही."

"न्हाई वो बाई," रंजना म्हणायची. "तिकडं बी लई शिकती ती. एकदा येऊन तर बघा."

कोमल सतरा वर्षांची असताना मी एकदा गेले. त्या वर्षी त्यांची टोळी राहुरीकडे होती. उसाचा फड अर्धा तुटला होता आणि कडेला कोमल मांडी घालून बसली होती. उसाच्या शेंड्याचा हिरवा पाला, त्याला वाढं म्हणतात, जनावरांना घालायला लोक विकत नेतात. बाप तोडता तोडता ते तिच्यापुढे टाकत होता. ती दोन्ही हातांनी गोळा करायची, कोपरापासून बोटांपर्यंत लावून लांबी बघायची, एक पात पिळून तिचाच बंद करायची आणि गाठ मारून पेंढी डावीकडे फेकायची. मी तिला वर्षभर बुटाची नाडी बांधायला शिकवत होते आणि ती मला जमत नाही असं दाखवत होती.

"टोळीत हिच्यासारखी पेंढी कुनाला बांधता येत न्हाई," रंजना म्हणाली. "मुकादम बी म्हनतो, डोळस बाया ढिल्या बांधत्यात."

पाणी प्यायला आलेल्या बाया जाता येता कोमलच्या खांद्यावर थाप मारत होत्या. प्रत्येकीची थाप वेगळी. एकीची दोन बोटांची, एकीची चिमटा काढून. कोमल न चुकता प्रत्येकीला तशीच परत करत होती. एकीनं चिमटा जरा जोरात काढला, तर हिनं तिची वेणीच धरली. सगळ्या बाया हसल्या. "सोड गं भवाने, नवरा वळखायचा न्हाई मला!" कोमलला ऐकू आलं नाही, पण हसली तीही.

माणूस मोठं होतं म्हणजे याहून वेगळं काय होतं, हे मला कुणी आज सांगावं. मी मात्र वहीत लिहिलं : 'असुरक्षित वातावरण. बालकामगारसदृश परिस्थिती. निवासी प्रशिक्षणाची निकड.'

धोका खोटा नव्हता. फडात साप असतात, कोपीला, म्हणजे तोडणीवाल्यांच्या पाचटाच्या खोपटाला, दार नसतं, आणि वयात आलेली मुलगी. हे सगळं मी पुढे रंजनाला पदोपदी ऐकवलं. पण खरं ते लिहायचं ठरवलंय तर लिहिते. आमच्या केंद्राला मोठ्या मुलांसाठी निवासी विभाग काढायचा होता, आणि निवासी मुलांशिवाय निवासी विभाग मंजूर होत नाही. सर, म्हणजे आमचे संचालक, म्हणाले, "मॅडम, तुमची ती जामखेडची मुलगी हुशार आहे म्हणता ना? तिला घ्या." हे एक. आणि दुसरं, मलाच ती हवी होती. इतक्या वर्षांत असे हात मी एकाच मुलीचे पाहिले होते. ते हात माझ्या पाहुण्यांसमोर चालावेत, पाचट-पाल्यात नव्हे, असं मला वाटत होतं. बंगल्यातली ती आई निदान स्वयंपाकघरात जाऊन रडली तरी. मी योजना आखली.

अठरा पूर्ण झाली की कायद्यानं माणूस सज्ञान होतं. मग आईबापसुद्धा आपोआप पालक राहत नाहीत. समितीकडे अर्ज करून पालक नेमून घ्यावा लागतो. मी रंजनाला समजावलं, तुम्ही निम्मं वर्ष बाहेर, तेव्हा पालकत्व संस्थेकडे असलेलं बरं.

"म्हंजी पोरगी तुमची व्हनार?"

"कागदावर फक्त."

"कागदावर झाली म्हंजी झालीच की वो," ती म्हणाली.

"उसाच्या फडात तरणी मुलगी ठेवणार आहात का तुम्ही? काही झालं म्हणजे?"

कुठल्याही आईला याच्यावर बोलता येत नाही. म्हणूनच तर मी ते वाक्य निवडलं होतं. तिचा नवरा बाहेर तंबाखू मळत बसला होता. तो म्हणाला, "बाई म्हनत्यात तर आसंल."

समिती म्हणजे काही राक्षस नव्हते. एक अधिकारी, एक वकीलबाई, एक वयस्क गृहस्थ. जेवणाची वेळ होत आली होती. फाईल बंद होणार तेवढ्यात वकीलबाई म्हणाल्या, "मुलीला विचारा ना. तिला कुठं राहायचंय?" त्या कचेरीत त्या दिवशी विचारला गेलेला हा एकच शहाणा प्रश्न. आणि तो तिच्यापर्यंत पोचवायला माणूस कोण, तर मी.

आमची विचारायची रीत साधी आहे. दोन वस्तू पुढे ठेवायच्या. केंद्रासाठी लाकडी मणी. तसा एक आमच्या दारावर टांगलेला असतो, तपासणीला येऊन येऊन कोमलला तो ठाऊक होता. आईबरोबर जाण्यासाठी आईची चुंबळ, मोळी डोक्यावर घेताना ठेवतात ती कापडाची. मूल एक उचलतं. मग वस्तूंच्या बाजू बदलून पुन्हा विचारायचं, कारण काही मुलं सवयीनं उजवीकडचंच उचलतात. दोन्ही वेळा एकच आलं, की ते उत्तर. त्यापुढे विचारायचं नाही. का, तर आमची मुलं आमच्याकडून एक गोष्ट घट्ट शिकलेली असतात. बरोबर आलं की बाई पाठीवर थोपटतात. चुकलं की तेच परत हातात देतात.

पहिल्यांदा कोमलनं मणी चाचपला, सोडला, आणि चुंबळ उचलून छातीशी धरली. मी बाजू बदलल्या. पुन्हा चुंबळ. या खेपेला तिनं मण्याला हातही लावला नाही.

पाठीवर थोपटायचं आणि मान वर करून सांगायचं, एवढंच काम उरलं होतं. मी चुंबळ तिच्या हातातून सोडवून घेतली आणि तिसऱ्यांदा विचारलं.

तिचे हात हवेत थांबले. कपाळाला आठी पडली. मी शिकवताना खूण चुकल्यावर पडायची तशीच. मग तिनं मणी उचलला. मी तिच्या पाठीवर थोपटलं.

"केंद्रात राहायचं म्हणतेय," मी म्हणाले.

"मग आधी दोनदा ते दुसरं का घेतलं?" वयस्क गृहस्थांनी विचारलं.

"सुरुवातीला मुलं वस्तूची ओळख करून घेतात, सर."

त्यांनी मान डोलावली. इतक्या वर्षांत जमवलेली सगळी विद्या मी त्या एका वाक्याला खर्ची घातली.

कोमल आमच्या निवासी विभागात तीन वर्षं राहिली. पहिले काही महिने तिनं दाराजवळची जागा सोडली नाही. पुढे ती शांत झाली. मी लिहिलं, 'वर्तनात लक्षणीय सुधारणा.' सुधारणा अशी होती : भात आणि भाकरी पुढे केली तर ती भाताला हात लावायची, काढून घ्यायची, भाकरीला लावायची, काढून घ्यायची, आणि मग हात मांडीवर ठेवून थांबायची. मी काय ते हातात देईपर्यंत. कपडे निवडायचे, तसंच. बाहेर जायचं का आत, तसंच. आपल्याला जे हवंसं वाटतं तेच नेमकं चूक असतं, हे ती माझ्याकडून एका दुपारात शिकली होती. माझ्या हाताखालून गेलेल्यांत इतका पक्का धडा दुसऱ्या कुणी घेतला नाही. पाहुणे म्हणायचे, "किती शहाणी मुलगी!"

रंजना हंगाम संपला की भेटायला यायची. आमच्याकडे भेटीचा वार ठरलेला. पोटच्या पोरीला भेटायला वार! तिसऱ्या वर्षी ती दशम्या घेऊन आली. व्हरांड्यात बसून तिनं कोमलच्या गुडघ्यावर दोन टिचक्या मारल्या. कोमलनं आईला ओळखलं, तोंड उघडलं, आणि हात मांडीवरच ठेवून बसली. रंजनानं दशमी तिच्या बोटांना लावली. बोटं हलली, मागे गेली. रंजनानं दशमी हातातच धरली.

"बाई, ही हिसकून खायची. मपल्या ताटातलं बी ठिवायची न्हाई. हिला झालंय काय?"

दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी 'मोठी झाली' म्हणाले असते. त्या दिवशी का कोण जाणे, तोंडून भलतंच निघालं.

"रंजना, त्या दिवशी समितीत मी खोटं सांगितलं. तिला तुझ्याबरोबर यायचं होतं."

ती दशमी फडक्यात परत बांधत होती. बांधून झाल्यावर म्हणाली, "मला म्हाईत हाय."

"माहीत आहे?"

"मी तिथंच तर बसले हुते. आंधळी ती हाय, मी न्हाई. दोन डाव उचलली की तिनं."

"मग बोलली का नाहीस?"

"कुनाला? तुमाला?" तिनं पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. "तुमी साहेबाला इंग्रजी सांगितल्यागत काय सांगितलं. मला वाटलं, तिसऱ्या डावाचंच खरं धरत आस्तील. शिकल्याली मानसं तुमी."

ती भांडली असती तर मला सोपं गेलं असतं.

मी समितीला पत्र लिहिलं. झालं ते सगळं, तीन वेळा काय विचारलं आणि तिनं काय उचललं, अगदी क्रमानं. सरांना दाखवलं तर ते दार लावून घेऊन म्हणाले, "मॅडम, तुमचं डोकं ठिकाणावर आहे का? संस्थेचं नाव किती वर्षांचं आहे?" मग जरा मऊ होऊन, "अहो, मुलगी सुखात आहे. गादीवर झोपते. दोन वेळचं जेवते." बंगल्यांतल्या कुत्र्यांबद्दल लोक हेच सांगतात. पत्र मी स्वतः जाऊन दिलं आणि त्याच आठवड्यात राजीनामाही. याला धाडस म्हणू नका. तीन वर्षं उशिरा केलेल्या गोष्टीला धाडस म्हणत नाहीत.

दुसऱ्या सुनावणीला विचारायला पुण्याहून दुसऱ्या बाई बोलावल्या होत्या. मी भिंतीशी बसले. त्यांनी नेटकं, नियमानं विचारलं. मणी आणि चुंबळ. कोमलनं दोन्हींना हात लावला, काढून घेतला, आणि मांडीवर ठेवून थांबली. बाजू बदलल्या. तेच. नवे अधिकारी म्हणाले, "हिला प्रश्न समजत नसावा."

रंजना उभी राहिली. "समदं समजतंय तिला. ती वाट बघती, तुमाला काय पायजे त्याची. तिला तसंच शिकिवलंय हितं."

वकीलबाई त्याच होत्या. त्यांनी माझं पत्र पुन्हा वाचलं आणि माझ्याकडे एकदाच बघितलं. ते बघणं मी इथं लिहीत नाही. पालकत्व आईकडे गेलं. फाटकातून बाहेर पडताना बाप पुढे, रंजना मागे, आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून कोमल. पुण्याच्या बाई मला म्हणाल्या, "प्रांजळपणे कबूल केलंत, मोठी गोष्ट आहे." आमच्या क्षेत्रात माणसाला कशाचंही प्रमाणपत्र मिळतं.

यंदा टोळी निघायच्या आधी मी वस्तीवर जाऊन आले. कोमल अंगणात कडब्याचा ढीग उपसत होती. पेंढी बांधायची, सोडायची, परत बांधायची. रंजना म्हणाली, "हळूहळू येतंय. परवा भावजयीच्या ताटातली मिरची उचलली तिनं. आमी समदे बघतच ऱ्हायलो."

"फडावर नेणार?"

"तिलाच इचारनार. सांगंल तवा सांगंल. तवर दोघी हितंच. मालक जातील एकले."

मी कोमलसमोर बसले आणि माझा उजवा हात तिच्या हाताखाली सरकवला. माझ्या अंगठ्यावर विळीचा जुना वण आहे. तो तिला ठाऊक. तिचं बोट त्यावर आलं आणि थांबलं. माफीची खूण मीच तिला शिकवली होती : मूठ छातीवर गोल फिरवायची. तिचा हात माझ्या मुठीवर राहू देऊन मी ती केली. तिनं ती शेवटपर्यंत चाचपली. मग माझं मनगट धरलं, माझा हात उचलून माझ्याच मांडीवर आणून ठेवला, आणि कडब्याकडे वळली.

"कळलं नसंल तिला," रंजना म्हणाली. तिच्या आवाजात कीव होती, आणि ती माझ्यासाठी होती. "आजून एक डाव करा की बाई."

माझा हात उचललाही गेला होता. इतक्या वर्षांची सवय.

"कळलंय तिला," मी म्हणाले, आणि तो खाली घेतला.